आधी साल विचार

प्रिय मुली,

तुझा लेख वाचला. सोबतचं पत्र मात्र अजून टेबलावरच आहे, आणि येता-जाता ते पुन्हा हातात घेतलं जातं. लेखाबद्दल मी फार काही म्हणालो नसतो. हात चालतोय, वाचन चालू आहे, पुढचं जमेल. पण पत्रातलं एक वाक्य मला स्वस्थ बसू देत नाही. तू लिहितेस, ‘सर, व्युत्पत्ती म्हणजे शेवटी ज्याची त्याची गोष्टच असेल, तर मी त्यातली सगळ्यांत सुंदर गोष्ट का निवडू नये?’

नको निवडूस. का नको, तेच सांगायला हे पत्र लिहितोय. पत्र लांबेल.

तू इंग्रजीतला ‘बँग’ घेतलास. तोफ उडाली, दार आपटलं, की होतो तो आवाज. मग त्या एका आवाजाभोवती तू सगळं गणगोत जमवलंस. कोंबड्याची बांग, महाशिवरात्रीची भांग, संस्कृतातला भंग, हातातली बांगडी, आणि शेवटी बंगळूरसुद्धा. सगळ्यांच्या मुळाशी एकच आदिम दणका, असं म्हणून लेख संपवलास. लोकांना आवडला. मग तीन वाचकांची पत्रं आली. एकाने शब्द नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतला, ठरवला, दुसऱ्याने संस्कृतातून गेलेला सांगितला, तिसऱ्याने फारसीचा हवाला दिला. तिघंही ठामपणे बोलले आणि तुझा धीर सुटला.

त्या तिघांपैकी एकानेही तुला साल सांगितलं नाही. हे लक्षात आलं का तुझ्या?

तुला कान आहे. तो मी तुझ्या पहिल्या लेखापासून ओळखून आहे, त्याचं कौतुक पुन्हा करत बसत नाही. पण या कामात कान हा पहिला साक्षीदार नव्हे. कान फक्त एवढंच सांगतो की हे दोन शब्द आज सारखे ऐकू येतात. आजचा सारखेपणा पुरावा होत नाही. गावच्या जत्रेत नाकीडोळी सारखी दोन माणसं दिसली म्हणून ती चुलत भावंडं ठरतात का? आपण विचारतो, गाव कोणतं, आजोबा कोण. शब्दालाही तेच विचारायचं. पहिल्यांदा कुठे लिहिला गेला, कोणत्या साली, कोणत्या अर्थाने. आधी साल विचार. अर्थ, नाद, गोष्ट, सगळं त्यानंतर.

आणि सालच का, तेही समजून घे, नाहीतर तू हे पाठ करशील आणि विसरशील. दोन शब्द खरोखर एका घरचे असतील, तर आपण जितके मागे जाऊ तितके ते एकमेकांच्या जवळ येतात. नसतील, तर मागे जाताना ते लांब लांब होत जातात. व्युत्पत्तीची सगळी परीक्षा एवढीच आहे. आणि मागे जायचं तर हातात सालं लागतात.

आता तुझी बांग घे. कोंबडा बांग देतो, मशिदीतून बांग होते, हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. फारसीत त्याचा अर्थ आवाज, हाक, पुकारा. ‘बँग’ म्हणजे आवाज, ‘बांग’ म्हणजेही आवाज. तुझा कान टवकारला यात नवल नाही. पण एक पायरी मागे जा. इस्लामपूर्व इराणातल्या पहलवीत हाच शब्द ‘वांग’ असा आहे. सुरुवातीला ब नाही, व आहे. आणि इंग्रजी ‘बँग’ची एक पायरी मागे गेलीस तर नॉर्स ‘बंगा’ भेटतो, तिथे ब चा ब च आहे. म्हणजे मागे गेल्यावर हे दोघे जवळ आले का? लांब गेले. बांगेचा प्रश्न संपला. मला हे लिहायला चार ओळी लागल्या. तुलाही तेवढ्याच लागल्या असत्या, पण तू त्या पायरीवर गेलीच नाहीस, कारण गोष्ट आधीच आवडली होती.

भंगाचं थोडं वेगळं आहे. तिथे साल पुरत नाही, नियम लागतो. भञ्ज् म्हणजे मोडणं, त्यापासून भंग. दणका बसला की वस्तू भंगते, म्हणून अर्थ जुळतो असं तू लिहिलंस. अर्थ तर कशाशीही जुळवता येतो, बाळ. परीकथांमुळे आपल्याला माहीत असलेल्या याकोब ग्रिमने १८२२ मध्ये जो ध्वनिनियम मांडला, तो इथे लावून बघ. संस्कृतातल्या भ च्या जागी इंग्रजीत ब येतो. भ्राता आणि ब्रदर, भ्रू आणि ब्राउ. इथवर तुझं बरोबर. पण संस्कृतातल्या ग च्या जागी इंग्रजीत क येतो. आपला युग, म्हणजे जू, आणि त्यांचा योक. त्या हिशेबाने भंगाचं इंग्रजीतलं भावंड असतंच, तर ते क वर संपायला हवं होतं. ‘बँग’ ग वर संपतो. आता तू म्हणशील, आवाजावरून बनलेले शब्द कधीकधी नियम जुमानत नाहीत. बरोबर आहे, नाही जुमानत. मग नियम बाजूला ठेव आणि नोंद दाखव. नियमही नाही आणि नोंदही नाही, असं चालत नाही.

खुद्द ‘बँग’चं काय, ते तू लेखात एका वाक्यात उरकलंस. मला खरा राग त्याचा आला. ज्या शब्दावर लेख, त्याचीच चौकशी नाही. इंग्रजीत हा शब्द १५५० च्या आसपास लिखाणात दिसू लागतो, आणि त्याचा पहिला अर्थ आवाज हा नाही. जोरात हाणणं, बडवणं हा आहे. जुन्या नॉर्समधला ‘बंगा’ म्हणजे हातोड्याने ठोकणं. जर्मनमध्ये ‘बेंगेल’ म्हणजे आधी सोटा, दांडकं, आणि मग दांडगट पोरगा. म्हणजे हे सगळं घराणं ठोकाठोकीचं आहे. ठोकताना होणाऱ्या आवाजाची नक्कल त्याच्या मुळाशी आहे असं कोशकार मानतात, आणि मलाही ते पटतं. तुझा कान तिथे खोटा नव्हता. पण तोफ, बंदूक, फटाका हे अर्थ मागाहून आले. तू तोफेपासून सुरुवात केलीस. शब्द मात्र हातोड्यापासून निघाला होता.

पुढे त्याने किती रूपं घेतली बघ. दणका एका क्षणात आणि एका जागी बसतो, म्हणून ‘बँग’चा अर्थ ‘अचानक’ आणि ‘नेमकं’ असाही झाला. ‘बँग इन द मिडल’ म्हणजे बरोब्बर मधोमध. त्या ‘एकदम, सरळ’वरूनच बहुधा घोड्याची शेपटी खाली एका रेषेत छाटायला ‘बँग’ म्हणू लागले, आणि १८७० नंतर अमेरिकेत बायकांच्या कपाळावर तसेच सरळ कापलेले केस आले, त्यांना ‘बँग्ज’ नाव पडलं. पार्लरमध्ये मुली आज तो शब्द सहज वापरतात. त्यात आवाज कुठे उरलाय? शीतयुद्ध सुरू असताना अमेरिकेच्या संरक्षण खात्यात डॉलरमागे जास्त ‘बँग’ मिळवायची भाषा सुरू झाली, तिथे तो संहारशक्ती झाला. संगणकवाल्यांनी उद्गारचिन्हालाच ‘बँग’ म्हटलं. एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात निरोप धाडताना पत्त्यात मध्ये मध्ये उद्गारचिन्हं टाकायचे, त्याला ‘बँग पाथ’ म्हणत. न्यूयॉर्कच्या जाहिरात व्यवसायातल्या मार्टिन स्पेक्टर यांनी १९६२ मध्ये प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह एकात एक घालून नवं चिन्ह सुचवलं, त्याचं नाव ‘इंटरोबँग’. या सगळ्याची सालं मिळतात. एका शब्दाचं पाचशे वर्षांचं आयुष्य समोर मांडता येतं. यापेक्षा सुंदर गोष्ट कोणती हवी होती तुला?

भांगेकडे येऊ. हा भाग तू नीट लिहिला असतास तर लेखाचं सोनं झालं असतं, कारण तो आपल्या दारातला आहे.

भंग नावाची वनस्पती अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात सोम, दर्भ, यव यांच्या सोबतीने येते. तिथून निघ आणि गोव्यात ये. १५६३ मध्ये गोव्यात गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचं, हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचं पोर्तुगीज पुस्तक छापून निघालं. भारतात छापल्या गेलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांमधलं ते एक. सगळं संवादाच्या रूपात आहे, एक जण विचारतो आणि ऑर्ता सांगतो. त्यात भांगेवर संवाद आहे आणि नाव दिलंय ‘बांग’, पोर्तुगीज वळणाने लिहिलेलं. या माणसाला मुंबई बेट पोर्तुगीज राजाकडून भाडेपट्ट्याने मिळालं होतं. तो वारला, आणि १५८० मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली, कारण तो गुपचूप ज्यू धर्म पाळत होता असा ठपका होता. हे विषयाला सोडून आहे, मला कळतं. पण भांगेचं युरोपी नाव शोधायला गेलं की हा माणूस भेटतो, आणि त्याला न सांगता पुढे जाणं मला जमत नाही.

त्यानंतर गोव्यातच आर्चबिशपच्या कचेरीत राहून गेलेल्या लिन्स्खोटेन या डच माणसाचं प्रवासवर्णन १५९८ मध्ये इंग्रजीत आलं. त्यातही हा शब्द आहे. १६८९ च्या डिसेंबरात लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे रॉबर्ट हुकने याच वनस्पतीवर टिपण वाचलं. त्या काळचे इंग्रज भांग लिहिताना कितीदा ‘बँग’चीच अक्षरं वापरायचे. म्हणजे सतराव्या शतकातल्या इंग्रजी पानावर एकाच अक्षरांचे दोन शब्द दिसू शकतात. एक उत्तरेच्या समुद्रावरून आलेला, ठोकण्याचा. दुसरा कोकण किनाऱ्यावरून पोर्तुगीजांच्या जहाजात बसून गेलेला, पिण्याचा. अक्षरं तीच, वाट वेगळी, साल वेगळं. चांगल्या इंग्रजी कोशात म्हणूनच ते दोन स्वतंत्र शीर्षशब्द असतात. तू त्यांना एका आईच्या पोटी घातलंस, आणि दोघांचाही प्रवास वाचकाच्या हातून गेला. सुंदर गोष्टीपायी किती सुंदर वस्तुस्थिती तू टाकून दिलीस, याची तुला कल्पना आहे का?

बांगडीचंही तसंच. इंग्रजीने ‘बँगल’ आपल्याकडून, हिंदुस्थानी बंगडी-बंगलीवरून, अठराव्या शतकाच्या अखेरीस उचलला. त्याआधी तिकडे तो नाही. ‘बांगड्यांचा छोटासा बँग’ असं तू लिहिलंस. अगं, बांगड्या किणकिणतात, खळखळतात. कोणत्या मराठी बाईने बांगड्यांचा बँग ऐकला आहे? इथे तर साल विचारायचीही गरज नव्हती, स्वतःचा हात हलवायचा होता.

बंगळूरची गोष्ट मी तुला वर्गातही सांगितली असेल. पुन्हा सांगतो. लोककथा अशी की होयसळ राजा वीर बल्लाळ रानात वाट चुकला, एका म्हातारीने त्याला उकडलेल्या शेंगा खाऊ घातल्या, म्हणून गावाचं नाव उकडलेल्या दाण्यांचं गाव, बेंदकाळूरु. गोड गोष्ट आहे. भुकेला राजा, गरीब म्हातारी, कृतज्ञता, सगळं आहे तिच्यात. आता साल विचार. दुसऱ्या वीर बल्लाळाची कारकीर्द ११७३ ला सुरू होते. आणि बंगळूरजवळ बेगूरच्या नागेश्वर देवळात एक वीरगळ आहे, साधारण ८९० च्या सुमाराचा, जुन्या कन्नडातला. ‘बेंगळूरु’च्या लढाईत पडलेल्या वीराचा. राजा जन्माला येण्याच्या अडीचशे वर्षांहून आधी गावाचं नाव दगडावर कोरलेलं आहे. ती म्हातारी, त्या शेंगा, तो राजा, सगळं एका सालाने बाजूला होतं. मी ही गोष्ट सांगतो तेव्हा काही लोक हिरमुसतात. मला मात्र त्या वीरगळापुढे उभं राहिल्यावर त्या राजाची आठवणही आली नाही. हजाराहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी मेला आणि त्याच्या माणसांनी छिन्नीने लिहून ठेवलं की तो कुठे मेला. एवढं पुरे झालं मला.

(‘बँगलोर टॉर्पेडो’ म्हणून तारांची कुंपणं उडवायची स्फोटक नळी असते. ती १९१२ मध्ये बंगळूरच्या मद्रास सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलातल्या मॅकक्लिंटॉक नावाच्या इंग्रज कॅप्टनने बनवली म्हणून तिला शहराचं नाव. तू ती ‘बँग’च्या पुराव्यात घातलीस. काढून टाक.)

आता दुसरी बाजू. माझं पत्र वाचून तू उद्या उलट टोकाला जाशील, कोणताच शब्द आवाजावरून आलेला नाही असं म्हणायला लागशील. तुझा स्वभाव मी ओळखतो. ते भांडणही जुनं आहे. डार्विनचा मेहुणा हेन्स्ली वेजवूड याने इंग्रजीचा व्युत्पत्तिकोश रचला, त्याचा पहिला भाग १८५९ चा. माणसाची सगळी भाषा आवाजाच्या नकलेतून उगवली, असं त्याचं मत. त्याला जागोजागी नक्कलच ऐकू यायची. मॅक्स म्युलरने १८६१ च्या लंडनच्या व्याख्यानांत या मताला, कुत्र्याच्या भुंकण्यावरून, भू-भू सिद्धांत असं नाव ठेवलं आणि ते नाव चिकटलं. मला विचारशील तर वेजवूडची चूक नक्कल ऐकण्यात नव्हती. मधल्या पायऱ्या न मोजता थेट मुळाशी उडी मारण्यात होती. तुझीही तीच आहे.

सोस्यूर या स्विस भाषाशास्त्रज्ञाचा दाखला तर मी प्रत्येक विद्यार्थ्याला देतो. फ्रेंचमध्ये चाबकाला ‘फूए’ म्हणतात, चाबूक फिरवल्यासारखाच ऐकू येतो. पण मागे गेलं तर लॅटिनमधलं बीच झाडाचं नाव निघतं, फागुस. नक्कल कुठेच नाही, शब्द झिजत झिजत तसा ऐकू यायला लागला. आणि उलट, ‘पिजन’ या शब्दात आज कुणाला आवाज ऐकू येतो? मागे गेलं तर पिल्लाच्या पी-पीवरून बनलेला लॅटिन ‘पिपिओ’ सापडतो. ज्यात आवाज ऐकू येतो त्यात तो नव्हता, आणि ज्यात ऐकू येत नाही त्यात होता. कानाच्या भरवशावर बसणाऱ्याला दोन्हीकडे चकवा. म्हणून म्हणतो, आधी साल विचार. चिडू नकोस, मी हे अजून सांगणार आहे.

‘बिग बँग’बद्दल तू एक परिच्छेद लिहिलास, ‘विरोधकाने थट्टेत दिलेलं नाव’ म्हणून. ही कथा सगळे सांगतात. चल, साल विचारू. २८ मार्च १९४९, बीबीसीचा थर्ड प्रोग्रॅम. फ्रेड हॉइल विश्वाच्या उत्पत्तीवर बोलतोय. त्याचा स्वतःचा सिद्धांत स्थिर विश्वाचा, म्हणजे विश्वाला सुरुवातच नाही असा, बाँडी आणि गोल्ड यांच्यासोबत आदल्या वर्षी मांडलेला. दूरच्या भूतकाळात एका ठरावीक क्षणी एकाच मोठ्या ‘बँग’मध्ये सगळं द्रव्य निर्माण झालं, असं मानणारे सिद्धांत त्याला पटत नव्हते, आणि ते मत सांगताना त्याने हे शब्द वापरले. भाषण पुढच्याच महिन्यात बीबीसीच्या ‘लिसनर’ साप्ताहिकात छापलं गेलं. हॉइल पुढे सांगत राहिला की थट्टा करायची नव्हती, रेडिओ ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चित्र उभं करायचं होतं. विरोध होता हे कागदावर आहे. थट्टा होती हे नाही. मग थट्टा लिहू नकोस.

आणि इथे पुण्याचा धागा आहे, तो तू सोडलास याचं मला आश्चर्य वाटलं. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर केंब्रिजला याच हॉइलचे विद्यार्थी झाले. १९६४ मध्ये दोघांनी गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला. १९६५ मध्ये पेंझियस आणि विल्सन यांनी वैश्विक पार्श्वप्रारण, म्हणजे महास्फोटाची उरलेली खूण मानलं जाणारं, आकाशात सगळीकडून येणारं प्रारण, सापडल्याचं जाहीर केलं आणि जगातले बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकर गेले नाहीत. पुण्यात १९८८ मध्ये ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली, हॉइल आणि बर्बिज यांच्यासोबत १९९३ मध्ये स्थिर विश्वाची सुधारलेली मांडणी केली, आणि २०२५ च्या मे महिन्यात जाईपर्यंत प्रश्न विचारत राहिले. ते बरोबर होते का, हे सांगायचा मला अधिकार नाही, आणि बहुतेक खगोलशास्त्रज्ञ ‘नाही’च म्हणतील. पण आपल्या हातातल्या निरीक्षणांतून आपल्याला जे दिसतं तेच म्हणायचं, बाकी सगळं जग पलीकडे गेलं तरी, ही गोष्ट मी त्यांच्याकडून घेतली. महास्फोट हा शब्द आपण शाळेत शिकतो आणि मुलांना वाटतं की कुठेतरी एका जागी बॉम्ब फुटला. ना जागा होती, ना आवाज होता. अवकाशच सगळीकडे ताणत गेलं. १९९३ मध्ये ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकाने या घटनेला नवं नाव सुचवायची स्पर्धा ठेवली, तेरा हजारांहून जास्त नावं आली, परीक्षकांत कार्ल सेगन होते, आणि एकही नाव पसंत पडलं नाही. रेडिओवर उच्चारलेले दोन शब्द तसेच राहिले.

आता तू ज्याच्यासाठी पत्र लिहिलंस तिथे येतो. संपादक म्हणतात, वाचकाला गोष्ट हवी असते, ‘मूळ अनिश्चित’ असं छापलं की वाचक पान उलटतो. मला हे वाक्य जुनं ओळखीचं आहे. मी ज्या कोशाच्या कामावर होतो, तिथे प्रकाशकांनी एके दिवशी फर्मान काढलं की प्रत्येक शब्दापुढे व्युत्पत्ती हवीच, रिकामी जागा वाईट दिसते. मी म्हटलं, रिकामी जागा खरी आहे. ते म्हणाले, खरी असेल, विकली जात नाही. माझ्याकडच्या कितीतरी कार्डांवर शेवटच्या ओळीत ‘अनिश्चित’ लिहिलेलं होतं. ती ओळ मी बदलली नाही. कोश दुसऱ्यांनी पुरा केला, माझं नाव त्यावर नाही. कार्डं मी घरी आणली.

त्या कोशात आज ज्या गोष्टी व्युत्पत्ती म्हणून छापल्या आहेत, त्या मुलं निबंधात उतरवतात, वक्ते भाषणात सांगतात, तुझ्यासारखी हुशार मुलगी लेखात घालते. मी आत राहून एकेका शब्दासाठी भांडत बसलो असतो, तर काही नोंदी तरी वाचल्या असत्या का? हा प्रश्न मला सोडत नाही. ज्या सहकाऱ्यासोबत मी त्या कामाची पहिली कार्डं लिहिली, तो तिथेच राहिला. आम्ही पुन्हा कधी धड बोललो नाही, आणि आता बोलणं शक्यही नाही. त्याची खंत आहे. पण ती ओळ बदलली नाही याची नाही, हे तुला स्पष्ट कळू दे. ‘अनिश्चित’ हा शब्द लिहायला पुरावा शोधून दमावं लागतं. सगळं धुंडाळून झाल्यावरच तो लिहायचा अधिकार मिळतो. न शोधता ‘अनिश्चित’ लिहिणारा आळशी, आणि न शोधता गोष्ट लिहिणारा त्याच्याहून वाईट, कारण तो पुढच्याचं शोधणं थांबवतो. रिकामी जागा दिसली की पुढचा माणूस शोधायला लागतो. भरलेली जागा दिसली की तो निश्चिंत होतो. हट्टी म्हणाले मला लोक. म्हणू देत.

ऑक्सफर्डचा मोठा कोश कसा झाला ते तुला माहीत आहे. १८७९ मध्ये जेम्स मरेने लोकांना आवाहन केलं आणि इंग्रजी बोलणाऱ्या जगातून चिठ्ठ्या यायला लागल्या. ‘बँग’ ज्या भागात येतो तो १८८५ मध्ये निघाला, आणि सगळा कोश पुरा व्हायला १९२८ उजाडलं. मरे तोवर हयातही नव्हता. चिठ्ठीवर काय असायचं? शब्द, ज्या पुस्तकात तो सापडला त्याचं नाव, साल, पान, आणि पूर्ण वाक्य. कुणालाही स्वतःचा तर्क पाठवायला सांगितलं नव्हतं. आपल्याकडे १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी कोश आला, १९४६ मध्ये कृ. पां. कुलकर्ण्यांचा व्युत्पत्तिकोश आला, पण प्रत्येक शब्दापुढे पहिली नोंद सालासकट देणारा मराठीचा कोश अजून आपल्या हातात नाही. धाडकन, धडाम, ठो, फट, बदाबद, आपल्या भाषेत तर आवाजाचे शब्द पोत्याने आहेत. त्यांतला कोणता कधी लिखाणात आला, हे सांगता येतं का तुला? मलाही सगळ्यांचं येत नाही. बखरी पडून आहेत, महानुभावांचे ग्रंथ आहेत, शाहिरांचे पोवाडे आहेत, लढायांची वर्णनं आहेत, त्यांत तोफा उडतात, दरवाजे कोसळतात. तिथे जा. ‘बँग’वर लिहायला इंग्रजांनी सगळं मांडून ठेवलं आहे, तरी तू बघितलं नाहीस. ‘धडाम’वर कुणीच मांडलेलं नाही. तिथे तुझी गरज आहे.

लेख परत घे आणि नव्याने लिही. संपादकांना कळव की वेळ लागेल. हातोड्यापासून सुरुवात कर, तोफेपासून नको. भांगेला स्वतंत्र लेख दे, ऑर्ताला त्यात जागा ठेव. बांग, भंग आणि बंगळूर का नाहीत ते एकेका ओळीत सांग, गाळून टाकू नकोस, कारण वाचकाच्या मनातही ते येणारच. अमेरिकन बोलीतला ‘शेबँग’, म्हणजे झोपडी, १८६२ पासून, म्हणजे तिथल्या यादवी युद्धाच्या काळापासून, सापडतो, मूळ कळलेलं नाही. तो घे, आणि त्याच्यापुढे ‘अनिश्चित’ लिही. संपादकांनी ती ओळ काढली, तर लेख काढून घे. तेवढं एक तरी करच.

‘ध’ची कार्डं माझ्याकडे दोन पेट्यांत आहेत. घरी नेता येणार नाहीत, इथे बसून उतरवून घ्यायची. रविवार सोडून कधीही ये, सकाळी दहाच्या आत.

तुझा,
सर